हेक्टरभर शेतातले तीस ग्रॅम

काळ्या मातीचे एक हेक्टर शेत घ्या. नांगराचा फाळ जातो तेवढा, म्हणजे पंधरा सेंटिमीटरचा, थर मोजा. त्याचे वजन भरते सुमारे वीस लाख किलो. चांगली ओल असताना या थरात साधारण सहा लाख लिटर पाणी मुरलेले असते. त्या पाण्यात विरघळलेला फॉस्फरस किती असेल? लिटरला ०.०५ मिलिग्रॅम धरू. हलक्या, निकस जमिनीत तो याहूनही कमी भरतो. गुणाकार केला की उत्तर येते तीस ग्रॅम. माणसाच्या शरीरात, मुख्यतः हाडांत आणि दातांत, सुमारे सातशे ग्रॅम फॉस्फरस असतो. म्हणजे अख्ख्या हेक्टरभर शेताच्या पाण्यात एका क्षणी एका माणसाच्या विसाव्या हिश्शाहूनही कमी.

आणि भाताचे मूळ फॉस्फरस घेते तो विरघळलेलाच. हेक्टरी पाच टन भात देणारे पीक दाण्यात आणि पेंढ्यात मिळून पंधरा किलोच्या आसपास फॉस्फरस उचलते. तीस ग्रॅमच्या साठ्यातून पंधरा किलो उचलायचा तर तो साठा पाचशे वेळा रिकामा व्हावा लागतो आणि पाचशे वेळा भरावा लागतो. पीक शेतात शंभर दिवस उभे धरले, तर रोज पाच वेळा. ताटात एका वेळी एकच पोळी, आणि ती संपायच्या आत तव्यावरची दुसरी पडायला हवी, असा हा कारभार आहे. तवा कुठेतरी थंड पडला की पीक उपाशी राहते. फुटवे कमी येतात, पाने अरुंद, ताठ आणि गडद हिरवी दिसतात, फुलोरा लांबतो. गडद हिरवा रंग पाहून शेतकऱ्याला वाटते, पीक जोमात आहे.

हा हिशेब मी जबलपूरच्या गढा परिसरात मांडतो आहे, त्याला कारण आहे. गढा ही गढा-मंडला या गोंड राज्याची जुनी राजधानी. राणी दुर्गावतीच्या नावाने ओळखला जाणारा हा मुलूख पुढे नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेला. इथे मदन महालाचा ग्रॅनाइट, लमेटा घाटाचे गाळाचे खडक आणि दख्खनच्या पठाराचा काळा बसाल्ट एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर भेटतात. त्यामुळे टेकडीच्या अंगाला भरड, तांबूस, भुकेली जमीन आणि उताराखाली हात-हात भेगा पडणारी काळी जमीन, दोन्ही एकाच गावच्या शिवारात सापडतात. गोंड राजांनी या उतारांवर तलाव बांधले. गढ्याचा संग्राम सागर हा संग्रामशाहाचा. शहराच्या दुसऱ्या अंगाचा अधारताल हा दुर्गावतीचा मंत्री अधारसिंह याच्या नावाचा. या अधारतालजवळच १९६४ मध्ये जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय उभे राहिले, आणि तिथल्या काळ्या मातीत १९७२ पासून एक दीर्घकालीन खत प्रयोग चालू आहे. तेच वाफे, वर्षानुवर्षे त्याच खतमात्रा: कुणाला काहीच नाही, कुणाला नुसते नत्र, कुणाला नत्र-स्फुरद, कुणाला तिन्ही, कुणाला तिन्ही आणि वर शेणखत. पिके सोयाबीन आणि गहू. भात नसला तरी फॉस्फरसाच्या बाबतीत या भागातल्या मातीने जे सांगितले आहे ते इथेच सर्वांत स्पष्ट ऐकू येते.

प्रयोग सुरू झाला तेव्हा त्या मातीत पिकाला उपलब्ध फॉस्फरस हेक्टरी ७.६ किलो भरला होता. पालाश मात्र ३७० किलो. आता तीन आकडे एकाखाली एक ठेवून बघा. किलोभर मातीत अर्धा ग्रॅम एकूण फॉस्फरस धरला, तर हेक्टरच्या थरात एक हजार किलो. त्यातला पिकाच्या आवाक्यातला साडेसात किलो. आणि या घडीला पाण्यात विरघळलेला तीस ग्रॅम. एक हजार किलो म्हणजे पाच टनी भाताची पासष्ट पिके. तेवढी शिदोरी पायाखाली असताना पीक पहिल्याच वर्षी अडते.

नुसते नत्र मिळालेले वाफे आणि नत्र-स्फुरद मिळालेले वाफे यांच्यातला फरक अधारतालला पन्नास वर्षे दिसतो आहे. युरियाची गोणी स्वस्त आहे, तिचा परिणाम आठवड्यात डोळ्यांना दिसतो, म्हणून लोक ती आधी टाकतात. पण फॉस्फरस संपलेल्या मातीत नत्र फारसे काही करू शकत नाही, उलट उरलेसुरले उपसायला मदत करते. तिकडे शिफारशीप्रमाणे सोयाबीनला हेक्टरी ८० आणि गव्हाला ८० किलो स्फुरद मिळत आलेल्या वाफ्यात पन्नास वर्षांत आठ हजार किलो स्फुरद पडले, आणि तिथे उपलब्ध फॉस्फरस मूळच्या कितीतरी पटीने चढला. दिलेले वाया गेले नाही, मागे राहिले. या गोष्टीकडे पुन्हा यायचे आहे.

आधी खताचा एक दाणा हातात घेऊ.

डीएपीचा, म्हणजे डायअमोनियम फॉस्फेटचा, दाणा पंचवीस मिलिग्रॅमचा धरू, साधारण भाताच्या एका दाण्याएवढा. गोणीवरचा ४६ टक्के हा आकडा ऑक्साइडच्या जुन्या मोजमापातला, म्हणजे स्फुरदाचा. मूलद्रव्य म्हणून फॉस्फरस त्यात वीस टक्के. म्हणजे दाण्यात पाच मिलिग्रॅम. अणूंमध्ये मोजायचे तर एकावर वीस शून्ये. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त संख्यांची नावे परार्धापाशी संपतात, म्हणजे एकावर सतरा शून्यांपाशी, या एका दाण्यात असे हजार परार्ध अणू आहेत. भाताच्या दाण्यात तेवढ्याच वजनात दहा परार्ध. याचा अर्थ डीएपीच्या एका दाण्यातला फॉस्फरस भाताचे शंभर दाणे भरायला पुरेल. एका लोंबीला एक दाणा.

महाराष्ट्रात भाताला हेक्टरी ५० किलो स्फुरद देण्याची शिफारस प्रचलित आहे. डीएपीतून द्यायचे तर १०९ किलो, म्हणजे दोन गोण्यांहून थोडे अधिक, म्हणजे सुमारे ४३ लाख दाणे. एका चौरस मीटरला ४३५. अगदी एकसारखे पसरले तरी दोन दाण्यांत पावणेपाच-पाच सेंटिमीटर अंतर. वीस बाय पंधरा सेंटिमीटरवर लावणी केली तर चौरस मीटरला तेहतीस चूड बसतात, म्हणजे एका चुडाच्या वाट्याला तेरा दाणे. पाच टनी पिकात एका चुडाला सहाशेच्या आसपास भाताचे दाणे येतात. त्यांना डीएपीचे सहा-सात दाणे पुरेत. कागदावर चुडाला दाण्यांच्या गरजेच्या दुप्पट मिळाले आहे.

शेतात मात्र पहिल्या हंगामात दिलेल्या फॉस्फरसाचा साधारण दहा ते पंचवीस टक्केच हिस्सा पिकात जातो. तेरातले दोन-तीन दाणे. बाकीचे दहा कुठे अडकतात, याचे उत्तर अंतरात आहे. मातीतल्या पाण्यातून नायट्रेटचा कण एका हंगामात नुसत्या विसरणाने चार-पाच सेंटिमीटर जाऊ शकतो, वर पाण्याच्या ओढीबरोबर वाहतो ते वेगळे. फॉस्फेटचा कण त्याच शंभर दिवसांत जातो एखादा मिलिमीटर. दाणे पाच सेंटिमीटरवर, चाल एका मिलिमीटरची. दाण्याच्या आसपास जो काही थोडा भाग भिजून समृद्ध होतो, तिथवर मुळाला स्वतः चालत यावे लागते.

म्हणून मुळांचे आकडे एवढे अफाट असतात. १९३७ मध्ये आयोवा विद्यापीठात हॉवर्ड डिटमर यांनी राय नावाच्या धान्याचे एकच रोप चार महिने वाढवून त्याची मुळे धुऊन मोजली. दोन घनफुटांहूनही कमी मातीत एक कोटी अडतीस लाख मुळे निघाली, त्यांची लांबी ६२२ किलोमीटर. मुळांवरचे केसासारखे तंतू चौदाशे कोटी, त्यांची एकत्र लांबी दहा हजार सहाशे किलोमीटर. हे रायचे आकडे आहेत, भाताचे नव्हेत. पण कुठलेही तृण मिलिमीटरभराची चाल कशी भरून काढते ते त्यावरून समजते. एवढे करूनही नांगरटीच्या थरातला फारच थोडा भाग मुळांच्या प्रत्यक्ष शेजारी येतो.

आता मातीची बाजू. गढ्याखालच्या काळ्या जमिनीत निम्म्याहून अधिक चिकणमाती असते आणि तिच्यातले मुख्य खनिज स्मेक्टाइट. त्याच्या एका ग्रॅमचे आतले-बाहेरचे सगळे पापुद्रे उलगडले तर पृष्ठभाग सातशे-आठशे चौरस मीटर होतो. सगळ्या मातीला सरासरी ग्रॅममागे तीनशेच धरले, तरी एका हेक्टरच्या पंधरा सेंटिमीटर थरातला पृष्ठभाग भरतो सहा लाख चौरस किलोमीटर. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांचे क्षेत्रफळ एकत्र केले तर सहा लाख सोळा हजार. दोन राज्ये एका हेक्टरात घडी घालून ठेवली आहेत, आणि आपण त्यांच्यावर दोन गोण्या खत पसरतो आहोत. या पृष्ठभागाचा मोठा हिस्सा ऋणभाराचा, फॉस्फेटला दूर लोटणारा असतो, हे खरे. पकड बसते ती खनिजांच्या कडांवर, लोहाच्या पातळ लेपांवर आणि चुन्याच्या कणांवर. पण दोन राज्यांच्या विस्तारात कडासुद्धा कमी नसतात. इथे चुना फॉस्फेटला धरतो आणि हळूहळू कॅल्शियम फॉस्फेटच्या, म्हणजे हाडांच्या आणि खडकांच्या जातीच्या, खनिजाकडे नेतो.

भाताने याच्यावर एक उपाय शोधला आहे, आणि तो उपाय म्हणजे पाणी साचवणे. ऑक्सिजन हवेत जितक्या वेगाने पसरतो त्याच्या दहा हजारांश वेगाने पाण्यात पसरतो. चिखलणी करून बांधीत पाणी उभे केले की जिवाणू एक-दोन दिवसांत मातीतला ऑक्सिजन संपवतात. मग श्वासासाठी ते नायट्रेटकडे वळतात, नंतर मँगनीजकडे, नंतर लोहाकडे. लोह तांबड्या, न विरघळणाऱ्या अवस्थेतून हिरवट-करड्या, विरघळणाऱ्या अवस्थेत जाते, आणि त्याने आवळून धरलेला फॉस्फेट सुटतो. आम्ल जमीन असो की चुनखडीची, पाण्याखाली काही आठवड्यांत दोघींचा सामू सातच्या आसपास येऊ लागतो. फिलिपीन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत काम करणारे श्रीलंकेचे रसायनज्ञ एफ. एन. पोन्नम्पेरुमा यांनी १९७२ मध्ये हे सगळे सविस्तर मांडले. योगायोगाने अधारतालचा प्रयोगही त्याच वर्षीचा. भर म्हणून भाताची मुळे स्वतःतून ऑक्सिजन झिरपवतात. मुळाशेजारी लोह पुन्हा गंजते, त्यातून आम्ल सुटते, आणि त्या आम्लाने आणखी थोडा फॉस्फरस विरघळतो. एकूण हिशेब असा की ज्या जमिनीत कोरडवाहू पीक फॉस्फरसाविना खुरटेल, त्याच जमिनीत उभ्या पाण्यातला भात बऱ्यापैकी निभावतो.

जबलपूर, पाटण, सिहोरा या पट्ट्याला हे नवे नाही. इथल्या जुन्या हवेली पद्धतीत शेताला उंच बांध घालून पावसाळाभर पाणी कोंडत, आणि पाऊस सरला की ते सोडून गहू-हरभरा पेरत. आता त्यांपैकी पुष्कळ शेतांत पावसाळ्यात धान उभे असते आणि मागून गहू येतो. इथेच फॉस्फरसाच्या वेळापत्रकातली सर्वांत मोठी चूक होते. पाणी सोडले, माती वाळली की विरघळलेले लोह पुन्हा गंजते, तेही ताजे, बारीक, प्रचंड पृष्ठभागाचे. आणि ते फॉस्फेटला पूर्वीपेक्षा घट्ट पकडते. म्हणजे धानाला माती स्वतः हात देते, आणि गव्हाची पेरणी होते तेव्हा तोच हात आखडलेला असतो. स्फुरदाची मोठी मात्रा गव्हाला द्यावी आणि मागून येणाऱ्या धानाने उरलेल्यावर जगावे, ही शिफारस यातून आली, आणि मध्यम ते चांगल्या स्फुरदाच्या जमिनीत ती बऱ्याच अंशी लागू पडते. तरीही धानाच्या लावणीच्या वेळी डीएपीसाठी रांगा लागतात, कारण सगळ्यांना तेव्हाच हवा असतो. मला वाटते, एक गोणी योग्य हंगामात सरकवण्याने जितके साधेल तितके दुसरी गोणी आणून साधणार नाही.

एक गोष्ट इथेच नोंदवतो. जास्त स्फुरद निरुपद्रवी असते हा समज खरा नाही. भरमसाट फॉस्फेट जस्ताची कमतरता वाढवतो, आणि जस्ताच्या कमतरतेनेच भाताला खैरा रोग होतो. १९६६ मध्ये पंतनगरला हे कारण शोधून काढले ते यशवंत लक्ष्मण नेने यांनी.

कोकणातली गोष्ट वेगळी, कारण तिथे मातीच जांभ्याची. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस सहज पडतो, म्हणजे एका हेक्टरवर तीन कोटी लिटर पाणी. हजारो वर्षे अशा पावसाने चुना, मॅग्नेशियम, सिलिका वाहून गेली आणि मागे उरले लोह आणि ॲल्युमिनियम. लोहाच्या ताज्या, अस्फटिक ऑक्साइडांचा पृष्ठभाग ग्रॅमला शेकडो चौरस मीटर असू शकतो, आणि तो सगळा फॉस्फेटचा ग्राहक. इथे दाणे पसरून टाकणे म्हणजे प्रत्येक दाणा जास्तीत जास्त लोहाच्या स्वाधीन करणे. फॉस्फरस पाण्याबरोबर खाली फारसा जात नाही. तो जातो मातीबरोबर. एका हेक्टरवरून माती नुसती एक मिलिमीटर धुपली तर तेरा टन माती गेली, आणि तिच्यासोबत सहा-साडेसहा किलो फॉस्फरस. डीएपीच्या गोणीत दहा किलो असतो. बांधाची एक फूट दुरुस्ती न केल्याने पाऊण गोणीच्या आसपास खत ओढ्याला लागते, हा हिशेब कुठल्याही पावतीवर येत नाही.

या मातीसाठी डॉ. एन. के. सावंत यांनी बसवलेली चारसूत्री भातशेती मला फॉस्फरसाच्या दृष्टीने अतिशय शहाणी वाटते. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख. शेतात गिरिपुष्पाचा हिरवा पाला. पंधरा-पंचवीस सेंटिमीटरच्या आलटून-पालटून अंतरावर नियंत्रित लावणी. आणि लावणीच्याच दिवशी चार चुडांच्या चौकोनात मधोमध, सात ते दहा सेंटिमीटर खोल, युरिया-डीएपीची एक ब्रिकेट. ब्रिकेटचे वजन २.७ ग्रॅम. हेक्टरी चौकोन ६२,५००, म्हणून ब्रिकेटही ६२,५००, एकूण वजन १७० किलोच्या आत.

आकड्यांची तुलना पाहा. पसरून टाकले तर ४३ लाख दाणे; खोचून दिले तर साडेबासष्ट हजार जागा. एका ब्रिकेटमध्ये डीएपीच्या चाळीसेक दाण्यांएवढा फॉस्फरस एकत्र बसतो. ती आपल्याभोवतीच्या लहानशा गोळ्यातले लोह तृप्त करून टाकते, आणि बाकीच्या वीस लाख किलो मातीला त्याचा पत्ताही लागत नाही. मुळे चारही बाजूंनी तिथे पोचतात, कारण चारही चूड तिच्यापासून वीतभराच्या आत आहेत. स्फुरद लागते हेक्टरी तीस किलोच्या आसपास, पन्नासाच्या ऐवजी. गिरिपुष्पाचा पाला कुजताना सुटणारी सेंद्रिय आम्ले लोहावरच्या जागांसाठी फॉस्फेटशी स्पर्धा करतात, हाही फायदा. किंमत आहे ती कमरेची: गुंठ्याला सहाशे तीस वेळा वाकून अंगठ्याने चिखलात ब्रिकेट दाबायची, आणि हे काम बहुतेक ठिकाणी बायकांच्या अंगावर पडते. पद्धत पसरली नाही म्हणून शेतकऱ्याला दोष देणाऱ्यांनी साडेबासष्ट हजार हा आकडा आधी समोर ठेवावा. वाकावे न लागणारे, स्वस्त, चिखलात चालणारे अवजार गावोगावी पोचवणे हे संशोधनाइतकेच महत्त्वाचे काम आहे.

मादागास्करच्या तांबड्या, फॉस्फरस गिळणाऱ्या मातीत जपानच्या जिरकास संस्थेने तिथल्या संशोधकांसोबत आणखी पुढचे पाऊल टाकले. फॉस्फेट खत मिसळलेल्या दाट चिखलात रोपांची मुळे बुडवायची आणि ती तशीच लावायची. खत मुळालाच चिकटून शेतात जाते. चालायचे अंतर शून्य. चिखल फार तीव्र केला किंवा रोपे फार वेळ ठेवली तर मुळे भाजतात, तेवढे सांभाळावे लागते. आणि वाणांच्या बाजूने कसलथ नावाच्या भारतीय उपखंडातल्या जुन्या भाताने मदत केली. त्याच्या बाराव्या गुणसूत्रावर फॉस्फरसाच्या उपासमारीत टिकून राहण्याची ताकद आहे हे १९९८ मध्ये दिसले, आणि २०१२ मध्ये त्यामागचे नेमके जनुक सापडले. सुमारे ३९ कोटी अक्षरांच्या जनुकसंचात हे एक जनुक. ते रोपाच्या कोवळ्या वयातच मुळे वाढवते. आयआर ६४सारख्या, जगभर गेलेल्या सुधारित वाणांत ते नाहीच. भरपूर खत दिलेल्या प्रक्षेत्रांवर निवड होत गेली, तिथे त्याची उणीव कुणाला भासली नसावी. झाडीपट्टीतले, कोकणातले, मंडला-बालाघाटचे जुने गावठी भात जपून ठेवण्याचे यापेक्षा सबळ कारण मला माहीत नाही.

खत येते कुठून, हेही या शिवारातूनच बघण्यासारखे आहे. १८२८ मध्ये इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन यांना जबलपूरच्या बडा शिमला टेकडीत मोठी अश्मीभूत हाडे सापडली. पुढे १८७७ मध्ये जीवाश्मतज्ज्ञ लायडेकर यांनी त्या प्राण्याला ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. ज्या लमेटा खडकांत ही हाडे होती, ते तयार होत असताना आणि त्यानंतर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा वाहत होता. त्याच काळात आज जिथे मोरोक्को आहे तिथल्या उथळ समुद्राच्या तळाशी जलचरांच्या अवशेषांतून फॉस्फेटचे थर साचत होते. हे काम दोन कोटींहून अधिक वर्षे चालले. जगातले फॉस्फेट खडकाचे ज्ञात साठे ७४ अब्ज टन, त्यांतले ५० अब्ज मोरोक्को आणि पश्चिम सहारात. जग वर्षाला बावीस कोटी टनांच्या आसपास खडक खणते. साठा तीनशेहून अधिक वर्षे पुरेल. चिंता संपण्याची नाही, तो जवळजवळ एकाच ठिकाणी असण्याची आहे. भारताला खडक, फॉस्फोरिक आम्ल किंवा तयार डीएपी यांपैकी काही ना काही बाहेरून आणावेच लागते. देशात वर्षाला एक कोटी टनांच्या आसपास डीएपी खपतो, म्हणजे वीस कोटी गोण्या. गोणी पाऊण मीटर लांब धरून टोकाला टोक लावले तर दीड लाख किलोमीटर, पृथ्वीभोवती पावणेचार वेढे. गोणीमागे शेतकरी देतो ते १,३५० रुपये. उरलेला भार सरकारी अनुदानावर.

आणि हा फॉस्फरस परत शेतात येत नाही. भारताने वर्षाला दोन कोटी टन तांदूळ निर्यात केला, तर किलोमागे एक ग्रॅम या दराने वीस हजार टन फॉस्फरस बंदरातून गेला. त्याच्या डीएपीच्या वीस लाख गोण्या होतात. सडून काढलेला कोंडा त्यात धरलेला नाही, आणि दाण्यातला बहुतांश फॉस्फरस तर कोंड्यातच असतो. शहरात राहणारा माणूस वर्षाला सुमारे अर्धा किलो फॉस्फरस शरीराबाहेर टाकतो. २०११ च्या जनगणनेत जबलपूर शहराची वस्ती दहा लाखांवर होती. म्हणजे वर्षाला पाचशे टन, पन्नास हजार गोण्या, नाल्यांना.

आता आठवा, भाताच्या मुळाला लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम ही तंगी आहे. तलावाच्या पाण्यात एकूण फॉस्फरस ०.०३ मिलिग्रॅमच्या वर गेला की शेवाळ आणि जलपर्णी माजण्याची परिस्थिती तयार होते. जी पातळी शेतात दुष्काळ, तीच पातळी तलावात अजीर्ण. गढ्याचे तलाव आणि गढ्यापलीकडची शेते यांच्यामध्ये काही किलोमीटर आहेत, आणि मैलापाण्यातला फॉस्फरस वेगळा काढून शेतावर नेण्यात रसायनशास्त्राच्या दृष्टीने अवघड अशी कुठलीही गोष्ट उरलेली नाही. अडचण पैशाची आणि इच्छेची आहे.

शेवटी शेतकऱ्याच्या हातात काय उरते, तर माती परीक्षण. काळ्या, चुनखडीच्या मातीसाठी १९५४ ची ओल्सेन पद्धत वापरतात, आम्ल जांभ्यासाठी ब्रे पद्धत. ओल्सेन पद्धतीत बायकार्बोनेटच्या द्रावणात घालून अर्धा तास हलवतात ती माती असते अडीच ग्रॅम. एका हेक्टरचा थर वीस लाख किलोचा. म्हणजे तपासली जाते ती ऐंशी कोटींतला एक भाग. मृदा आरोग्य पत्रिकेच्या योजनेत कोरडवाहू भागात दहा हेक्टरांना मिळून एक नमुना घेण्याची पद्धत होती. तिथे हे प्रमाण आठशे कोटींत एक होते. म्हणून नमुना घेताना बांधाजवळची, झाडाखालची, शेणखताच्या ढिगाजवळची जागा टाळून पंधरा-वीस ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्यायचा, पंधरा सेंटिमीटरपर्यंतची कड खरवडायची आणि सगळी माती एकत्र करून चार भाग पाडत अर्ध्या किलोवर आणायची. टेकडीखालची तांबूस पट्टी आणि काळी पट्टी यांचे नमुने वेगळे. भात घेणाऱ्याने आणखी एक ध्यानात ठेवायचे: प्रयोगशाळा वाळवलेली माती तपासते, आणि भात वाढणार आहे तो पाण्याखाली. अहवालात ‘कमी’ आले तर भातालाही खत हवे, आणि ते शक्यतो मुळाशी. ‘मध्यम’ आले तर भाताची मात्रा कमी करून ती गव्हाला ठेवावी. ‘भरपूर’ आले, आणि पुष्कळ बागायती शेतांत आता तसे येते, तर वर्ष-दोन वर्षे डीएपी न टाकता मागच्या गोण्यांचा शिल्लक फॉस्फरस वापरावा आणि तिसऱ्या वर्षी त्याच शेताचा, त्याच महिन्यात, पुन्हा नमुना द्यावा.